समोरचा दात

इस्तरवशानच्या बाजारात चाकूवाल्यांची गल्ली संपते,
तिथे वरच्या मजल्यावर माझी खोली.
खाली दिवसभर धार लावतात,
वर मी धार काढून घेतो.

सावरिनिसो खाला जिना चढून आल्या,
खुर्चीत बसण्याआधी फोन माझ्या हातात दिला.
येकातेरिनबुर्गहून मुलगा,
त्याच्यामागे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता:
पांढरा बसवा, झिरकोनियम,
इथे सगळे तोच बसवतात, पैसे पाठवलेत.

फोन बंद झाल्यावर खालांनी रुमालाची गाठ सोडली.
आत दाढेची एक पिवळी टोपी.
"यांची आहे. वितळवून माझ्या दाढेत भर."

चिमट्यात धरली तेव्हाच कळलं.
सोनं हातावर बसतं,
ही नुसती टेकली होती.
पोलाद, वरून पिवळा मुलामा.
त्या काळात आम्ही शेकड्याने बसवल्या अशा.
ज्योतीवर धरली असती
तर वितळली नसती, फक्त रंग गेला असता
खालांच्या डोळ्यांदेखत.

मी दिवा लावला नाही.
म्हटलं, आधी बाकीचं ऐका.
चांदीचं मिश्रण स्वस्त, वर्षानुवर्षं टिकतं,
पण त्यात पारा असतो, आणि पुढे काजळीसारखं दिसतं.
कॉम्पोझिट दातात मिसळून जातं,
पण घट्ट होताना आक्रसतं,
कडेला केसाएवढी फट राहिली
की कीड तेवढ्याचीच वाट बघत असते.
झिरकोनियम फुटत नाही सहसा. पण हट्टी.
नीट घोटलं नाही
तर समोरच्या दाताला खात बसतं.

"आणि सोनं?"

सोनं दाताबरोबरच झिजतं, खाला.
कड दाबत नेली की दातावर निजते.
समोरच्याला त्रास नाही.
फक्त महाग.

"म्हणजे यांच्यासारखं," खाला हसल्या,
"महाग सोडून."
मग म्हणाल्या, "लाव तो दिवा.
ठाऊक आहे मला ते काय आहे.

ज्या हिवाळ्यात गोळ्या चालायच्या,
या गावाचं नावसुद्धा अजून जुनं होतं,
तेव्हा खरी टोपी उपटून देऊन
यांनी दोन पोती पीठ आणलं.
एकात अळ्या होत्या. चाळलं.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ना?
आमचं भरलं. मार्चपर्यंत.
मग ही बसवून घेतली,
भिंतीपलीकडच्यांनी विचारू नये म्हणून,
भाचीच्या लग्नात तोंड उघडून हसता यावं म्हणून.
सोनं आम्ही खाल्लं, पोरा.
त्यानेही खाल्लं," फोनकडे बोट,
"चार वर्षांचा होता.
त्याला वाटतं आम्हाला चमकायची हौस होती."

मग वितळवायला का आणलीत?

"तू काय करतोस ते बघायला."
थोडं थांबून: "गप्प बसलास. चालतं तेही."

कानातला एक डूल काढून त्यांनी ट्रेमध्ये टाकला.
जोडीतला दुसरा कधीच हरवला होता.
मी सांगितलं, दागिन्यातलं सोनं दातात चालत नाही,
तांबं फार असतं, तोंडात काळवंडतं.
सोनाराकडून बदलून आणीन.
"आण. अगदी मागच्या दाढेत घाल,
जिथे फक्त अक्रोडाला कळेल.
आणि त्याला सांग पांढरं घातलं."

मी खोटं बोलत नाही, खाला.

"हो, आत्ताच बघितलं."

आठवड्याने बसवली. कागद चावायला दिला,
निळा डाग उठला तिथे थोडं घासलं,
पुन्हा चावायला दिला.
त्या जिभेने चाचपत राहिल्या, बराच वेळ,
जसं काळोखात उशाशी कुणाला चाचपावं.

पिवळी टोपी इथेच राहिली,
बोथट ड्रिलच्या डब्यात.

नोव्हेंबरात येकातेरिनबुर्गहून फोन आला.
आईचा दात कसा आहे?
छान. समोरच्याला लागत नाही.
आणि रंग? रंग जुळला ना?
खाली कुणीतरी सहाण फिरवायला घेतली होती,
पात्याचा आवाज जिन्यातून वर चढला.
मी खिडकी उघडली
आणि म्हटलं, ऐकू येत नाही.