खिळा ठोकण्यापूर्वी

नवऱ्याने कॅलेंडरसाठी एक खिळा ठोकला
आणि ऐरोलीच्या सेक्टर आठमधलं आमचं निम्मं घर
मिटलं.
आधी फट्, मग निळसर काहीतरी,
मग जळका वास. हातोडी त्याच्या हातातच.
"बोर्ड तर तिकडे आहे," तो म्हणाला,
जणू भिंतीनेच शब्द फिरवला होता.

हिराजी मढवी आले संध्याकाळी,
टेस्टर कानावर, पेन्सिल खोचावी तसा.
मेन पाडला, भिंतीवर तळवा फिरवला,
मग छिन्नी.
अर्ध्या बोटाच्या गिलाव्याखाली वायर निघाली,
ना पाईप, ना काही. आणि तिरकी,
बोर्डापासून थेट पंख्याकडे,
माळावरून पायवाट जावी तशी.
"ही बगा ठेकेदाराची बचत.
दोन हात वायर वाचवली त्यानं.
वायर उभी जावी नायतर आडवी. मधनं नाय.
मधनं गेली तं तीस वरसानं
खिला मारनाऱ्याच्या नशिबी येते."

मग नऊ दिवस कटर.
उशीत धूळ, लोणच्याच्या झाकणावर धूळ.
शेजारच्या कुरियन आंटींनी दाराच्या फटीला ओली साडी लावली
आणि चौथ्या दिवशी आमच्यासाठी डाळ पाठवली,
झाकून, वर आणखी एक ताटली.

हिराजींच्या हाताखाली देवजी. मोखाड्याचा, एकोणीस वर्षांचा,
उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं.
खोबणीत पाईप बसवायचा,
हाताहाताच्या अंतरावर एकेक पकड ठोकायचा.
कोपरा आला की काटकोन नाही, ऐसपैस वळण,
"बैलगाडी वलवतात ना, तसा. नायतर वायर आत सोलते."
जोड भिंतीत पुरायचा नाही, जोड डब्यात.
खोबण उथळ राहिली तिथे पाईपावर पत्र्याची पट्टी.
आणि हिरवी वायर सगळ्यांसोबत, शेवटपर्यंत.
"ही काय काम करत नाय," हिराजी म्हणाले,
"नुसती असते. नसली की कलतं."

मी देवजीला विचारलं, तुझ्या घरी फिटिंग कसं आहे रे?
"कुडाच्या भिंती हायेत. वायर वरनंच गेलेली.
दिसते ना, मग कोन कशाला ठोकेल?"
आणि तो सिमेंट कालवायला बसला.
मी तिथेच, हातात रिकामा कप.
आमच्या घरात काय काय गिलाव्याखाली आहे,
नवऱ्याची गेलेली नोकरी,
जी गावाकडे अजून चालूच आहे, तीसुद्धा.

भिंत बुजवण्याआधी हिराजींनी मला फोन काढायला लावला.
"फोटो मारा. सगल्या भिंतींचे. टेप लावून.
नंतर मला पन नाय सांगता येनार."
देवजी टेप धरायचा, मी फोटो काढायची.
अठ्ठावीस फोटो.
जमिनीपासून चार फूट दोन इंच,
चौकटीपासून नऊ.
प्रत्येकात पिवळी टेप, राखाडी पाईप
आणि कडेला त्याचा अंगठा.

आता भिंती गुळगुळीत, फिकट बदामी.
पाहुणे म्हणतात, काहीच कळत नाही.
परवा जाऊबाईंना पुतणीचा साखरपुडा दाखवताना
बोट जास्त सरकलं
आणि दागिन्यांच्या मधोमध
स्वयंपाकघराची भिंत उभी राहिली, उघडी.
"अगंबाई, हे काय?"
मी फोन उलटा ठेवला, मग पुन्हा सरळ केला.
"आमचं घर," म्हटलं.

हिराजींना फोन केला होता, एका बटणासाठी.
आणि देवजी?
"तो गेला ना. वापीला म्हनतात, नायतर गावाला.
नंबर लागत नाय त्याचा."

आज मसाल्यांची फळी लावायची आहे.
नवरा ड्रिल घेऊन उभा. या वेळी विचारतो,
"इथे?"
थांब, म्हणते. फोन भिंतीशी धरते,
दोन बोटांनी फोटो ताणते,
काळं नख मोठं होत होत स्क्रीनभर.
टेप लावते. त्याचा अंगठा होता त्या जागी
माझा ठेवते, दाबून.
"इथे नको.
वीतभर डावीकडे घे."