शिडीखालच्या चपला

वेंगुर्ल्याला, बंदराच्या अंगाला,
बर्फाच्या कारखान्याचे पत्रे बदलायचे होते.
खारं वारं तिथे लोखंडाला
बारा महिने चाटत असतं.
वर सातजण. खाली मी,
शिडीच्या पायाशी, गोणपाटावर.
गुडघा गेला तेव्हापासून माझं काम एवढंच:
शिडी धरायची
आणि चपला मोजायच्या.

लोक हसतात. हसू देत.
आमच्यात माणूस अनवाणी चढतो,
चपला खाली सोडून जातो,
देवळात जावं तशा.
सकाळी सात जोड. जेवणाला शून्य.
दुपारी पुन्हा सात.
दिवेलागणीला जागा रिकामी झाली
की मी बिडी पेटवतो.

बांबू आधी करकरतो, वासा कुरकुरतो,
कौल निदान सांगून सरकतं.
सिमेंटचा पत्रा उभा जन्म गप्प
आणि मग एकदाच बोलतो.
म्हणून पोरांना सांगतो,
बोल्टांची रांग बघ.
बोल्ट आहे तिथे खाली लोखंड आहे.
दोन रांगांमधली जागा
आपल्या बापाची नव्हे.
फळी टाक, मग पाय टाक.
शेवाळ वाळलेलं दिसतं, ते झोपलेलं असतं;
दव पडलं की जागं होतं.
ऊन तापल्याशिवाय वर जायचं नाही,
मालक घड्याळ दाखवू दे की पंचांग.

पास्कूला हे सगळं पाठ होतं.
त्यानेच मला शिकवलं.
तो पडला तो कारखान्यावरून नव्हे,
माडाच्या उंचीवरून तर नव्हेच.
मिंगेलच्या गोठ्याची पडवी,
हात वर केला तर वळचणीला लागेल एवढी.
"हेका कसली दोरी व्हयी?" म्हणाला.
खाली दगडाची डोण होती.

त्याच्या चपला, निळ्या पट्ट्यांच्या,
उजवा अंगठा सुतळीने शिवलेला,
तीन दिवस तिथेच.
कुणी हात लावेना.
चौथ्या दिवशी कार्मेलीन आली,
फडक्याने पुसून घेऊन गेली.
पुसायचं काय होतं त्यात,
कोण विचारणार.

यंदा ठेकेदाराने पट्टे आणले,
केशरी, बकलांचे, मागे दोरी.
"म्हशीचां दावां," पोरं म्हणाली.
आबल्याने तर ते घालून हंबरून दाखवलं.
मीही हसलो. मग शिडी आडवी केली
आणि तिच्यावर बसलो.
"बांधा. मगे शिडी."
अर्धा तास गेला. ठेकेदाराच्या शिव्या गेल्या.
समोर होड्या लागल्या,
बांगड्यांचा लिलाव सुरू होऊन संपला.
मग एकेक बकल वाजलं.

बुधवारी, जेवणाच्या जरा आधी,
आबल्याच्या पायाखालचा पत्रा बोलला.

खरं सांगतो, मी वर बघितलंच नाही.
मी चपलांकडे बघितलं.
आत, बर्फाच्या लाद्यांवर,
काहीतरी टिचकन वाजलं.
एवढंसं.
धावलो, म्हणजे गुडघ्यासकट जेवढं धावता येतं तेवढं.
लादीवर त्याची कानावरची पेन्सिल.
आणि वर, भोकातून उतरलेल्या उन्हात,
दोन पाय, धुळीने पांढरे,
हवा तुडवत.

वरून आवाज:
"मेस्त्री, पेन्सिल गावली काय?"

शिव्या दिल्या मी. ठेकेदारालाही येत नसतील अशा.
सहाजणांनी त्याला वर ओढला, खाली आणला.
चहा पाजला, साखर जास्त घालून.
तो हसत होता
आणि बशी कपावर वाजत होती.

दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्याला
कुणी नाव ठेवलं नाही.
कुणी काही बोललंच नाही.

संध्याकाळी सहा जोड गेले.
एक राहिला.
वर आबलो दोरीची गाठ तपासत होता,
सावकाश, पुन्हा एकदा,
उद्यासाठी.
काळोख उतरला. डास उठले.
मी हाक मारली नाही.
न पेटवलेली बिडी ओठांत धरून
बसून राहिलो.