तीन वेढे

सळईची तार मी मोजून बांधत नाही.
आकडा घालायचा, दोन झटके, पुढची गाठ.
सलमाबादपासून जुफेरपर्यंत
उभ्या इमारतींच्या पोटात माझे पीळ आहेत,
कुणाला दिसत नाहीत.

ही तार वेगळी.
मनामाच्या सूकमध्ये, अत्तरवाल्याच्या मागच्या बोळात
मारिसेलच्या दुकानात वजनावर मिळते.
आत तांबं, वर चांदीचा हात फिरवलेला.
पहिली मी ओढली, तुटली.
दुसरी तुटली.
"जेंटल, भाई," ती म्हणाली, "ये बिल्डिंग नहीं है."

मणी ओवायचा. वर दोन पेरं तार सोडायची.
अगदी मण्याला लागून नाही, थोडी मान ठेवून
काटकोनात वाकवायची.
मानच नसेल तर वेढे बसणार कुठे?
गोल चोचीच्या पकडीवरून अलीकडची पलीकडे नेली
की फासा तयार.
तो चपट्या पकडीत धरायचा, चेंगरायचा नाही,
आणि उरलेलं शेपूट मानेभोवती:
एक. दोन. तीन.
शेजारी शेजारी, एकमेकांच्या अंगावर न चढता.
(आमच्या खोलीतल्या खाटांसारखं नाही.)
मग कापायचं, टोक आत दाबायचं.
टोक राहिलं तर बोचतं,
आणि एकदा बोचलं की बाई ते पुन्हा घालत नाही,
हे मारिसेलचं.

जुलै-ऑगस्टात बारा ते चार काम बंद.
शाजी आणि बाकीचे पुठ्ठ्यावर आडवे होतात.
मी उरलेल्या बाइंडिंग तारेवर हात बसवतो,
मण्याच्या जागी नट.
घामानं पक्कड सटकते.
तारेची एक खोड कळली:
जेवढी वाकवाल तेवढी ताठ होत जाते,
आणि एकाच जागी तीनदा सरळ करायला गेलात
तर निमूट तुटते.
माझ्या वडिलांचं असंच... ते राहू दे.

फिरोजी मण्यांची जोडी जमली एकदाची,
एक दुसरीपेक्षा केसभर लांब.
रात्री फोनसमोर धरली.
केतकी बघत राहिली. मग म्हणाली,
"पप्पा, माझी भोकं बुजली."
मेडिकलच्या परीक्षेला गेटवरच
कानातलं काढायला लावलं होतं,
परत घालायचं राहून गेलं.
"कडुलिंबाची काडी तरी घालायचीस."
"कोण घालणार?"
मागून तिची आई काहीतरी बोलली,
तेवढ्यात रेंज गेली.

पाच वर्षांची होती.
सोनारानं कान टोचले तेव्हा मीच मांडीवर धरली होती,
माझ्या अंगठ्याला कडकडून चावली होती.
बुजतात एवढ्या लवकर?

पुढच्या शुक्रवारी मारिसेलला विचारलं,
भोक न लागणारं काही असतं का?
तिनं बुगडीसारखं दाखवलं,
कानाच्या कडेला नुसतं धरून बसणारं.
किती घट्ट करायचं?
"कान चाहिए, भाई," ती म्हणाली. "इधर."

मग माझ्याच कानावर बेतली.
शाजी पोट धरून हसला, मलाही हसू आलं.
डबीत आहे. कुणी गावी निघालं की देईन.

काल अकराव्या मजल्याच्या खांबात
एक गाठ बांधली तीन वेढ्यांची,
शेजारी शेजारी, टोक आत दाबून.
फोरमन सेल्वराज बॅटरी मारून बघत राहिला.
"ये क्या फॅशन है?"
मग वर हात केला
आणि काँक्रीट सोडायला सांगितलं.