शंभरातली तीन

कुइवास्तूच्या धक्क्यावर, बोटींच्या कचेरीत,
हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार पडतो.
मी दिवा लावत नाही. काळ्या पडद्यावरच्या
हिरव्या अक्षरांचा उजेड पुरतो.

काल्मेर गेला नोव्हेंबरात.
अकरा वर्षं येणारं एकेक पत्र तो हाताने निवडायचा,
चष्मा कपाळावर ढकलून, तांदळातले खडे काढावेत तसं.
दोन फोल्डर मागे ठेवून गेला :
कामाचं. कचरा.

त्याच्या जागी आता माणूस घेणार नाहीत.
प्रोग्रॅम बसवायचाय, तो मी बसवतेय.
एक ओळ टाइप करते – शिक, कामाचं. एंटर.
टिंबं पळू लागतात, एका टिंबामागे शंभर पत्रं :
वारा असला तर उद्याची सातची सुटेल का,
ट्रेलरमधून गाय नेली तर तिचं तिकीट किती,
माझी अंगठी वरच्या डेकवर बेसिनपाशी राहिली
(सापडली नाही. काल्मेरने तीनदा कळवलं होतं).
दुसरी ओळ – शिक, कचरा.
गोळ्या, लॉटऱ्या, तुमचं खातं आज रात्री बंद होईल.

यंत्राला अर्थबिर्थ कळत नाही. ते शब्द मोजतं.
गाय आली की इकडे झुकतं,
'तातडीने' आलं की तिकडे.

मग परीक्षा. बाजूला काढलेली शंभर पत्रं,
यंत्राने कधी न पाहिलेली.
तपास. एंटर.
सत्त्याण्णव बरोबर.

चुकलेल्यांत एक आमचंच वेळापत्रक,
सहा उद्गारचिन्हांसकट; मॅनेजरबाईंची खोड.
एक फिनिशमधलं, त्याला मीही फसले असते.
आणि एक : कुणा जनरलची विधवा, क्लॅरिसा,
चाळीस लाख डॉलर बँकेत अडकलेत, प्रिय मित्रा, देवाशपथ.
यंत्र म्हणतं कचरा, खात्री नव्व्याण्णव टक्के.
काल्मेर म्हणतो कामाचं.

हात चुकला असेल, म्हटलं. वय झालं होतं.
लेबल बदलायला गेले, आणि सवयीने आधी
पाठवलेल्या पत्रांत तो पत्ता शोधला.
एकशे बारा.

"बाईसाहेब, पैसे घेऊन मी काय करू.
पण तिकडे आत्ता उकडतंय का?
इथे समुद्र गोठलाय. उद्यापासून लोक
त्यावरून गाड्या नेतील, पट्टा न लावता,
बर्फ फुटला तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून."

आठ दिवसांनी उत्तर :
"वीज नव्हती. मी क्लॅरिसा नाही.
समुद्रावरून गाडी? थापा मारू नकोस."

काल्मेरने फोटो पाठवला. मग सहा वर्षं चाललंय.
बहिणीचं शिवणयंत्र, सुटलेली नोकरी, लागलेली नोकरी,
आमच्या इथलं धुकं.
पैशांचा विषय पुन्हा एकदाच निघतो,
काल्मेर नाही म्हणतो, दोघंही सोडून देतात.
शेवटचं पत्र परवाचं, न उघडलेलं :
"यंदा रस्ता गोठला का?"

लेबल तसंच ठेवलं. पुन्हा शिकवलं.
आकडा हलला नाही. इतक्या हजार विधवांपुढे
एकीचं वजन ते किती.
शेवटी अपवादांच्या यादीत पत्ता हाताने घातला,
कारणाच्या रकान्यात लिहिलं : जुना प्रवासी.

मग तिथेच बसून चार ओळी खरडल्या.
प्रिय मित्रा, तुम्ही मला ओळखत नाही.
एक दुःखद बातमी तातडीने कळवायची आहे.
पाठवण्याआधी, का कोण जाणे,
फाइल यंत्रापुढे सरकवली. तपास.
कचरा, त्र्याण्णव टक्के.

'प्रिय मित्रा' खोडलं. एक्क्याऐंशी.
'तातडीने' खोडलं. बासष्ट.
बाहेर सहाची बोट भोंगा देऊन निघाली, जवळजवळ रिकामी.
सगळंच पुसलं, आणि पहिल्या ओळीत लिहिलं :
नाही, अजून गोठलेला नाही.