परतीचा उजेड

सकाळी सव्वासातला उडतो आम्ही.
वीबके हेलिकॉप्टर सांभाळते, मी पडद्यावरची रेघ.
खाली एमस्लँडची दलदल, काळी, पीट काढून सोलवटलेली,
तिच्या पोटातून पाइपलाइन गेलीय
ती कुणालाच दिसत नाही;
दिसतात नुसते पिवळे खांब, बांधाबांधानं,
वाट चुकणाऱ्यानं खुणा ठेवाव्यात तसे.

आमच्या पोटाखालच्या पेटीतून दोन किरण सुटतात.
जुळेच म्हणा. रंगात केसाचा फरक,
आणि डोळ्यांना दोन्ही न दिसणारे.
मिथेन एकाला खातो, दुसऱ्याला ओळखतही नाही.
जमिनीला शिवून दोघं परत येतात
आणि मी मोजतो, कोण किती उरला.
उजेडाची वसुली. एवढंच काम.

तसा मला स्वतःला वास येत नाही,
त्या तापानंतर, चौथं वर्ष.
लोणी करपलं तरी धूर दिसेपर्यंत पत्ता नसतो.
वीबके म्हणते, कंपनीनं नाक बरोबर निवडलं.
या नळातल्या गॅसलाही वास नाही,
तो पुढे, शहराच्या वेशीवर घालतात.

दलदल फसवते. तिचा स्वतःचा श्वास असतो.
गोठ्यांवरूनही रेघ उचलते जरा,
म्हणून आधी वाटलं, हीही गायच.
पण रेघ खाली बसेना.
वळलो. पुन्हा वळलो.
बर्चच्या रांगेमागे खळ्याएवढी जागा,
तिथून एक किरण अख्खा येतो, दुसरा
अर्धाच.

दुपारी खणणारे आले, गाडीनं मीही.
गेझिने ल्युबर्स, ऐंशीच्या पुढची, रबरी बूट,
फाटक धरून उभी:
"तीन उन्हाळे सांगतेय, इथं गवत मरतंय.
गाई तोंड लावत नाहीत.
तुमच्या ऑफिसचं पत्र आलं, दुष्काळ आहे म्हणून.
कडेचं हिरवं, आणि मधलंच कसं हो दुष्काळी?"
पत्र तिच्या खिशातच होतं. घडीवर फाटलेलं.

सांध्याला भेग निघाली, नखानं ओढल्यासारखी.
गॅसनं मातीतली हवा हुसकून लावली होती,
मुळं गुदमरली.
माझ्या पेटीची किंमत तिनं विचारली.
मी म्हणालो, माहीत नाही.

मग तिनं कॉफी आणली, घरच्या किटलीतून.
"वास छान आहे," मी सवयीनं म्हणालो.
ती माझ्याकडे बघत राहिली,
त्या गवताकडे तीन उन्हाळे बघितलं असेल तशी.
कप गरम होता. तेवढं कळलं.