पायाशी उरलेली जागा

पोवई नाक्यावरच्या दुकानात
निहालनं काउंटरवर तीन पिशव्या सोडल्या.
गुंडाळीतून सुटल्या तशा त्या
हळूहळू श्वास घेत फुगल्या.

"काका, ही दहा डिग्री, ही पाच, ही शून्य."

मी खाकीतच होतो, ड्युटी उतरून आलेलो.
मला थंडी आकड्यांत कळत नाही.
मला कळते ती बामणोलीच्या मुक्कामी गाडीतली:
एकला मागच्या बाकाचं रेक्झिन गार पडतं,
दोनला काचा आतून घामेजतात,
साडेतीनला कोयनेच्या पाण्यावरून काहीतरी उठतं
आणि खिडकीचं रबर जिथं फाटलंय
तिथून बरोबर कानात शिरतं.
त्याला किती डिग्री म्हणायचं?

"मग पाचवाली घ्या," निहाल म्हणाला.

केतकी चार फूट सात इंच.
चौकटीवर पेन्सिलीची खूण आहे.
मुलांची पिशवी पाच फुटांची, गुलाबी, वर पांडा.
पांडा बघून तिनं नाक मुरडलं असतं, ते वेगळंच;
दोन वर्षांत पाय बाहेर.
मोठ्यांची घेतली तर लग्नापर्यंत पुरेल,
हा हिशेब सुरेखानं सकाळीच करून दिलेला,
शाळेचे बूट घेताना करते तोच:
एक नंबर वरचा, पुढं कापूस.

"पण काका, मोठी पिशवी लहान पोराला गार पडते.
पिशवी ऊब देत नाही, नुसती राखते.
ऊब अंगाचीच.
पायाशी जेवढी जागा रिकामी राहील
तेवढी त्याला रात्रभर तापवत बसावी लागते."

मी पिशवीच्या टोकाला हात घालून बघितला.
कोपरापर्यंत गेला.

महिन्यातल्या बारा रात्री मी मुक्कामाला असतो.
त्या रात्री केतकी माझ्या जागेवर सरकते,
माझी वाकळ ओढून घेते.
सकाळी येऊन मी आडवा होतो
तेव्हा जागा गरम असते.
हे मी निहालला सांगितलं नाही.
"आत शिरून बघू का?" एवढंच विचारलं.

बूट काढले, फरशीवर पडलो, चेन ओढली.
आतून उघडते का, एका हातानं,
डोळे मिटून,
तीनदा करून बघितलं.
रेनकोट बघत होती ती बाई
हसू दाबत बाहेर गेली.

मोठीच घेतली. अठराशे पन्नास, वरचे पन्नास सोडवले.
घरी पिशवीचं शेपूट दुमडलं
आणि टपावर पोती बांधायच्या सुतळीनं आवळलं,
ओढली की सुटेल अशी गाठ.
दर दिवाळीला वीतभर सोडायची.

केतकी नाकापर्यंत आत.
"बाबा, हललं की चुरमुऱ्यासारखा आवाज येतो."
"मग हलू नको."
"पण मी हलते."

डेपोत कदमसाहेबांना म्हटलं, शनिवारी बामणोली नको.
"अरे, अख्खा डिसेंबर तूच मागून घेतोस की!"
हा शनिवार नको.

कारण सांगितलं नाही.
शाळेचे तंबू पाण्याकाठी,
गाडी वर शंभर पावलांवर.
साडेतीनला मी उठून गेलोच असतो,
बॅटरी घेऊन,
तिच्या मैत्रिणींच्या देखत.

तर चाळकेवाडी.
पवनचक्क्या रात्रभर दळत होत्या,
पीठ कुठं पडत होतं देव जाणे.
ड्रायव्हर घोरत होता.
साडेतीनला जाग आली म्हणतो,
झोप कुठं होती?
वाकळीचं टोक पायांखाली दुमडून घेतलं,
पाय पोटाशी ओढले.

ओढली की सुटेल अशी गाठ मारलीय.
आणि ती हलते.