आतला खिसा

पवननगरच्या भाजीबाजारामागे माझं मशीन.
फॉल-पिको, चेन बदलून मिळेल, अल्टर.
तिथं विश्वंभर गायधनी आले,
पाथर्डी फाट्याला प्लॉटिंग करतात ते,
बिनबाह्यांचं जॅकेट घेऊन. कोरं. राखी.
ताई, म्हणाले, आतून एक खिसा टाका. डावीकडं.

मोबाइलचा?
बोलले नाहीत. पुठ्ठ्याचं माप ठेवलं काउंटरवर,
जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेलं,
एक बाजू लांब, एक आखूड,
मधे वाकलेलं, कोपरातून दुमडलेल्या हातासारखं.

बत्तीस वर्षं कापड कापतेय.
ब्लाउजच्या मापावरून मला बाईचं आजारपण कळतं.
हे काय आहे, विचारावं लागलं नाही.

लायसन आहे का, एवढंच म्हटलं.
हसले. फाइल दीड वर्ष आयुक्तालयात पडलीय,
आधी चौकीचा रिपोर्ट, मग डॉक्टरचा दाखला,
मग साहेब म्हणतात, जिवाला धोका आहे हे सिद्ध करा.
कधी करू? मेल्यावर?
अंबडला ज्या पोरांनी माझ्या गाडीची काच फोडली
त्यांनी कुठल्या खिडकीत फॉर्म भरला होता?

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.
सुई दातांत धरली की बरं असतं,
बोलावं लागत नाही.

आमच्या घरात बंदूक होती. बावीस वर्षं.
निवृत्ती रविवार कारंजावरच्या बँकेच्या दारात उभे राहायचे,
बारा बोअर, दुनळी, खांद्याला,
रस्त्यापलीकडच्या भेळवाल्यालाही दिसेल अशी.
लायसनचं पुस्तक रेशनकार्डाच्याच प्लॅस्टिकात.
निवडणुकीत बँकवाल्यांना सूट असते,
पण एका वर्षी कागद उशिरा पोचला,
आणि बंदूक चौकीत जमा झाली.
महिनाभर हे काठी घेऊन उभे राहिले,
रात्री कूस बदलत पावती चाचपायचे,
पोर पाहुण्याकडं ठेवून आल्यासारखे.

चालवली कधी? नाही.
पेन्शनच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं,
ही उडते का, का नुसती धरायची?
हे म्हणाले, दिसतेय ना तुम्हाला? झालं तर.

रात्री जेवताना मी खिशाचं सांगितलं.
भाकरी मोडता मोडता थांबले.
कापड कसलंय?
लिनन.
मग उठाव दिसणार, म्हणाले.
आणि उठाव दिसला की समोरचाही शिवून घेणार.
तुला बरकत आहे.

मग बऱ्याच वेळानं,
पण त्याचंही खरंय. दीड वर्ष म्हणजे…
वाक्य तिथंच राहिलं. ताक पिऊन उठले.

मी खिसा शिवला.
खोटं कशाला बोलू, शिवला.
अस्तर उसवून, दुहेरी टीप घालून, साठ रुपये.
एक केलं फक्त, त्यांनी न सांगितलेलं.
तोंडाला चेन लावली,
दप्तराची, पितळी, अडकणारी,
दोनदा मागंपुढं केल्याशिवाय न उघडणारी.
म्हटलं, हात आत जायच्या आधी
तेवढा तरी एक फॉर्म भरावा लागेल माणसाला.

जॅकेट घालून बघितलं त्यांनी. चेन ओढली. अडकली.
माझ्याकडं बघितलं. मी बॉबिन भरत होते.
मेण लावा, सवयीनं सैल होते, म्हटलं.
ते काही न बोलता पैसे ठेवून गेले.
आणि सैल होतेच ती. मला माहीत आहे.

पुठ्ठा विसरले.
बटणांच्या डब्यात पडून होता.
काल उलटा केला तर मागं छपाई,
मुठीच्या बाजूला 'चि. सौ. कां. मृणा',
पुढचं कात्रीनं नेलेलं,
आणि नळीच्या लांबीवर, बरोबर मावलेलं,
मुद्दाम लहान पोरांच्या वाकड्या अक्षरात:
आमच्या आत्याच्या लग्नाला
यायचं हं.